उजव्या गुडघ्यावरचा बिब्बा

दवाखान्यात माणूस दुखण्यानं थकत नाही, चौकशांनी थकतो. "आता कसं वाटतंय?" या प्रश्नाला पहिल्या आठवड्यात मी खरं उत्तर देत होते. दुसऱ्या आठवड्यात "बरं आहे" म्हणायला लागले आणि तिसऱ्यात कोणी भेटायला आलं, की डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायला लागले. आमच्या देऊळगाव राजाची माणसं एस.टी.चे धक्के खात बुलढाण्याला येत, उशाशी मोसंबी ठेवत आणि माझ्या हातांकडं बघून चुकचुकत. या हातांना मोसंबी सोलता येत नाही, हे एकाच्याही ध्यानात येत नसे.

संधिवाताला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मी शाळेत विज्ञान शिकवायची. आधी खडू हातातून सुटायला लागला, मग डस्टर, मग नोकरी. तरी हातांचं मी निभावून नेलं. उजव्या गुडघ्यानं मात्र दगा दिला. तो इतका सुजला आणि वाकडा झाला, की दोन पावलं टाकायची तर कोणाचा तरी खांदा लागे.

माझी त्या वेळी एकच इच्छा होती आणि ती सांगायला मला आता लाज वाटत नाही. मला एकटीनं संडासला जायचं होतं. घरी नवरा मला उचलून नेत असे. त्याची स्वतःची कंबर धड नव्हती. तो एका शब्दानं कुरकुरला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. संसारात आमचं सगळं झालं होतं, भांडणं, अबोले, एकमेकांच्या माहेरच्या-सासरच्यांचा उद्धार; पण दाराबाहेर उभं राहून त्यानं "झालं का गं?" विचारावं, हे व्हायला नको होतं. म्हणून मी पाणी पिणंच कमी केलं. सकाळी अर्धा कप चहा, पुढं गोळ्यांपुरते दोन घोट. विज्ञानाची शिक्षिका ना मी! पाणी कमी प्यायल्यानं काय होतं, हे मुलांना वर्षानुवर्षं शिकवलेलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं, आधी सूज उतरू द्या, मग गुडघा बदलू. सांधे बदलणारे मोठे डॉक्टर बाहेरगावाहून येत, दर तीन आठवड्यांनी एका गुरुवारी. म्हणून मी खाटेवर पडून गुरुवारची वाट बघत होते. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना भेटीच्या वेळेपुरतंच सोडत, त्यामुळं नवरा बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसे. मुलगी पुण्याहून येऊन आठ दिवस राहिली आणि तिच्या मुलाची परीक्षा आली म्हणून परत गेली. ती गेली त्या सकाळी मी पाण्याचा तांब्या दूर सरकवून ठेवला.

"काऊन वं मास्तरीनबाई, पानी काऊन नाही पेऊन राह्यल्या?" शेजारच्या खाटेवरून आवाज आला.

शेजारी वरवट बकाल गावची एक आजी होती. सत्तरीची असेल. जन्मभर वांगी-मिरच्या लावल्या, तोडल्या, बाजारात नेल्या. आता तिच्या हातांची सगळी बोटं करंगळीकडं वळून बसली होती. तिलाही माझंच दुखणं, पण काळीज अधू असल्यानं तिचे सांधे कोणी बदलणार नव्हतं. फक्त ताप आणि सूज उतरवून घरी पाठवणार होते. तिच्याजवळ तिची सून राहत होती, तिशीची, कमी बोलणारी, हातापायानं दणकट.

"तहान नाही," मी म्हणाले.

"तहान कशी नाही? ओठ पाहा, कसे सुकून गेले. संडासले कोन नेईन, हाच घोर हाये न तुमाले? मी जानतो. मी बी तसंच करत होतो. हे माही सून नेईन तुमाले. पानी पेवा."

त्या दिवसापासून सुनेनं आधी सासूला न्यायचं आणि मग मला, असं ठरून गेलं. परकी बाई असूनही ती मला नवऱ्यापेक्षा सोपी पडली. ती काही विचारत नसे. खांदा पुढं करी, दारापाशी पाठमोरी उभी राही आणि परत आणून निजवी. मी पाणी प्यायला लागले.

आजीला सकाळी कण्हायची सवय होती. मला सकाळी कण्हणं ऐकवत नाही. माझा स्वभावच तसा आहे, स्वतःचंही ऐकवत नाही. म्हणून एके दिवशी वैतागून मी म्हटलं, "आजी, थांबा. आधी हजेरी घेऊ." आणि सांध्यांची हजेरी घ्यायला लागले. उजवं मनगट? हजर. डावं मनगट? हजर. बोटं? आठ हजर, दोन उशिरा येणार. उजवा गुडघा? गैरहजर, पालकांना बोलवा. आजीला ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी मी डोळे उघडायच्या आतच ती तयार. "घ्या बाई हाजरी! डावा खांदा हाजिर हाये, पन रडून राह्यला!" सिस्टरसुद्धा सलाईन लावता लावता हसायच्या. दुखणं काही कमी झालं नाही, पण दिवसाची पहिली दहा मिनिटं तरी आमच्या मालकीची झाली.

गुरुवारला दोन दिवस उरले आणि गुडघा ठणकायला लागला. दुपारी जेवणं आटोपून वॉर्ड शांत झाला होता. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला हात वर जात नव्हता. आजी माझ्याकडं बघत होती.

"बिब्बा लावून देऊ का वं?" ती हळूच म्हणाली. "पानी धरलं त्या गुडघ्यानं. बिब्ब्यानं पार खाली उतरते. माह्या कमरेले लावते हे."

बिब्बा. आमच्याकडं घरोघरी डब्यात दोन-चार असतातच. काळं, कडक फळ, त्याच्या काळ्या तेलाचा ठिपका कातडीवर पडला, की भाजल्यासारखा फोड येतो. माझ्या वर्गात गालावर, पोटरीवर बिब्ब्याचे डाग घेऊन मुली येत. मी त्यांच्या आयांना शाळेत बोलावून झापत असे. "हे औषध नाही, हे जाळणं आहे," हे माझं वाक्य त्या बायकांना पाठ झालं असेल.

तरी मी हो म्हटलं. ठणका होता हे खरं, पण तेवढंच नव्हतं. मी ऑपरेशनला घाबरले होते. हाड कापणार, ते काढून टाकणार, हे मी सगळ्यांना मोठ्या धीरानं समजावून सांगितलं होतं. बिब्ब्यानं उतरलंच तर, असं एक वेडं मन म्हणत होतं. त्या मनाला गप्प करायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

सुनेनं पिशवीतून बिब्बा काढला, टोपण उडवलं, सुई खुपसली आणि माझ्या गुडघ्यावर ओळीनं सात ठिपके दिले. वरून चुना लावला. कुठंही सांडू दिलं नाही. काम अगदी नेटकं होतं.

बुधवारी दुपारपर्यंत बिब्बा उतला. गुडघा लाल झाला, सातही ठिपक्यांना फोड आले आणि दोन फुटून पाणी वाहायला लागलं. आजी घाबरून सुनेला म्हणाली, "खोबरं आन वं, खोबरं खाऊ घाल बाईले, बिब्ब्यावर उतारा हाये तो." मी खोबरं चघळत असतानाच डॉक्टर फेरीला आले. त्यांनी पांघरूण बाजूला केलं.

"कातडी अशी फुटलेली असताना गुडघा उघडता येत नाही," ते म्हणाले. "आत जंतू गेले तर पाय जाईल. उद्याचं रद्द. आता तीन आठवड्यांनी." मग विचारलं, "कोणी लावलं हे?"

"मीच," मी म्हणाले.

"बाई, तुम्हाला चमचा धरता येत नाही. सुई कशी धरलीत?"

आजीनं तोंड भिंतीकडं केलं. सून मान खाली घालून उभी होती. डॉक्टर भले होते. त्यांनी पुढं विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "घरी पाठवणार नाही तुम्हाला. तिथं आणखी कोणी आणखी काही लावेल." हसावं की रडावं मला कळेना, आणि मी रडलेच.

माझा सगळा राग आजीवर निघाला. चूक माझी होती, तिच्यापेक्षा हजार पटींनी माझी होती. तिला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. पण राग हिशेब बघत नाही. मी तिच्याशी बोलणं टाकलं. सकाळी "घ्या बाई हाजरी" आलं, की मी कूस बदलायची. खरं तर मला कूसही धड बदलता येत नव्हती, म्हणून नुसते डोळे मिटून घ्यायची. पाण्याचा तांब्याही पुन्हा लांब सरकवला. पण सून ठरल्या वेळी येऊन खांदा पुढं करायचीच आणि मला तो धरावाच लागायचा. रागावून उठून जायलाही दोन पाय लागतात. चार दिवसांत माझा राग थकून गेला, मीही थकले.

पाचव्या दिवशी आजीला घरी जायला परवानगी मिळाली. मुलगा न्यायला आला होता. सुनेनं पिशव्या भरल्या, एक मात्र खाटेखालीच ठेवली. आजी जाता जाता माझ्या खाटेशी थांबली. मुलानं तिला दोन्ही काखांत धरलं होतं.

"मी जातो," ती म्हणाली. "हे राहीन तुमच्यापाशी. तुमचं ऑपरेशन होईपावतर."

"अहो, भलतंच काय? तुम्हाला कोण बघेल?"

"माह्यं होईन. पोरगा हाये, शेजार हाये. बिब्बा आमचा होता, बाई. तुमचा गुरुवार गेला आमच्यापायी."

मी नको म्हणायला हवं होतं. एकदा म्हटलंही, पण ते म्हणायचं म्हणून म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणायची वेळ आली तेव्हा गप्प बसले. अजून अडीच आठवड्यांचं संडासला जाणं माझ्या डोळ्यांपुढं होतं आणि त्यापुढं मला दुसरं काहीच दिसत नव्हतं. सुनेला कोणी विचारलं नाही, मीही नाही. तिची दोन लेकरं आजोळी होती. मुलगा आजीला घेऊन गेला आणि सिस्टरनी शेजारच्या खाटेची चादर बदलली.

ते दिवस लांबले, पण गेले. फोड सुकले, सात काळे डाग राहिले. गुरुवारी ऑपरेशन झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मी झोपले आणि उठले. दुसऱ्या दिवशी मला वॉकर देऊन उभं केलं. तो धरायला पंजे वळेनात म्हणून त्याच्यावर कोपरं टेकायची सोय करून दिली. तिसऱ्या दिवशी दारापर्यंत गेले. पाचव्या दिवशी मी सुनेला म्हटलं, "तू येऊ नकोस." ती तरी मागून आली.

अठरा पावलं होती. मी संडासात शिरले, वॉकर आत ओढला आणि मनगटानं ढकलून ढकलून कडी लावली. बऱ्याच दिवसांनी मी एका बंद दाराच्या आत एकटी होते. मला इतका आनंद झाला, की काही वेळ मी नुसतीच उभी राहिले.

"बाई," बाहेरून सून म्हणाली, "हाजिर हाव का?"

"हजर आहे गं!" मी म्हणाले आणि हसले. मग बसल्या बसल्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, माझ्या मनात आलं ते मी विचारलं. "तिकडं आजींना कोण नेतं गं?"

दार जरा हललं, ती त्याला टेकली असावी.

"दिवसा कोनी नाही," ती म्हणाली. "पोराले उचलू देत नाही, लाज वाटते त्याईले. सकाळी अन् दिवे लागल्यावर शेजारची बाई येते. म्हनून आत्याबाई दिसभर पानीच पेत नाहीत. परवा फोनवर सांगत होते आमचे हे, जीभ कोरडी पडली म्हने."

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगू नोको म्हने त्या. तुमी पानी पेनं सोडसान म्हनून."

मी कडी काढली. यायला लागला होता त्यापेक्षा परतीला जास्त वेळ लागला. गुडघा नवा होता तरी. खाटेवर बसल्यावर मी तिला पिशवी भरायला सांगितलं आणि नवऱ्याला शेगाववरून वरवट बकालला जाणारी दुपारची एस.टी. विचारून यायला. ती म्हणत होती, अजून आठ दिवस राहते, टाके निघू द्या. मी माझा शाळेतला आवाज काढला, तेव्हा कुठं ऐकलं तिनं.

निघताना तिनं माझा तांब्या भरून उशाशी ठेवला. आजीला काय सांगू, तिनं विचारलं. मला खूप काही सांगायचं होतं, तेव्हाच सांगायला हवं होतं ते सगळं.

"म्हणावं, पाणी प्या," मी म्हणाले.