तीनदा तपासल्याशिवाय

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, तराजू दुरुस्त करतात. बाजारात सगळे त्यांना 'पासंग' म्हणतात. खोट्या तराजूच्या एका पारड्यात चोरून ठेवलेलं वजन म्हणजे पासंग, आणि भावोजींना ते जगात सगळीकडे दिसतं. भाजीवाला हसून दोन शब्द जास्त बोलला, की हे घरी येऊन सांगणार, "आज त्याचा माल शिळा असणार." अशा माणसाच्या फोनमध्ये त्यांच्या मुलीने मन सांभाळायचं अॅप घातलं, आणि तेही फुकटातलं!

कारण तसं गंभीर होतं. गेल्या वर्षी सोनाराच्या नाजूक काट्यावर काम करताना भावोजींची छाती धडधडू लागली, हात थरथरला. मग ते वरचेवर होऊ लागलं. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, काळजीने होतंय, कोणाशी तरी मोकळेपणाने बोला. भावोजी आणि मोकळेपणाने बोलणार! मुलगी नोकरीसाठी लांबच्या शहरात गेलेली. तिने फोनवरून एकेक बटण सांगत ते अॅप घालून दिलं.

"फुकट कसं काय?" भावोजी माझ्या किराणा दुकानात येऊन म्हणाले. "उद्या मी आलो आणि म्हणालो, तुझा काटा फुकट दुरुस्त करतो, तर तू काय करशील?"

"तुमच्या हातांवर नजर ठेवीन."

"मग!"

अॅपने नाव विचारलं, यांनी समोर दिसलं ते, 'टेबल' असं लिहिलं. जन्मसालात दहा वर्षं वाढवली. तुम्ही कुठे आहात ते कळू द्या, नाही. ओळखीच्यांचे नंबर पाहू द्या, नाही. माइक, नाही. एवढं नाकारल्यावर त्या बिचाऱ्या अॅपला नुसते प्रश्न विचारण्यावाचून काही उरलं नाही. एक गोल मोठा व्हायचा, लहान व्हायचा, त्याच्याबरोबर श्वास घ्यायचा. भावोजींनी आधी घड्याळ लावून तो गोल मोजला. "चार सेकंद म्हणतो, पावणेपाच घेतो," असं त्यांनी मला विजयाने सांगितलं. महिनाभरात हाताची थरथर कमी झाली. त्याचं श्रेय त्यांनी नव्या चष्म्याला दिलं.

पण त्यातली एक गोष्ट त्यांना स्वस्थ बसू देईना. दर पंधरा दिवसांनी अॅप नऊ प्रश्न विचारायचं आणि शेवटी एक आकडा द्यायचं. जितका आकडा मोठा, तितकं मनावर ओझं. म्हणजे हाही काटाच झाला की! आणि काटा तपासल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवायचा, हे भावोजींच्या रक्तात नाही.

काटा तपासायची त्यांची पद्धत ठरलेली आहे. आधी रिकामा काटा शून्य दाखवतो का ते बघायचं. मग खात्रीचं वजन ठेवायचं, आणि तेही तीनदा. तीनदा तपासल्याशिवाय कुठल्याही काट्याला खोटा म्हणायचं नाही. खात्रीची वजनं त्यांच्याकडे मखमलीच्या पेटीत असतात, पितळेची. दरवर्षी ते ती सरकारी कचेरीत तपासून आणतात. "वजनसुद्धा झिजतं रे," त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. "हात लागून लागून झिजतं. लोक शिव्या देतात काट्याला."

रिकामा काटा त्यांनी एकट्यानेच तपासला. सगळं उत्तम आहे, अशी धडधडीत खोटी उत्तरं दिली; शून्य आलं. स्वतःची खरी उत्तरं दिली, सात आले. आता खात्रीचं वजन हवं होतं.

"तुझी ताई," ते मला म्हणाले. "चौतीस वर्षं बघतोय. तिच्या डोक्याला कसला ताप नाही."

मलाही ते पटलं. ताई म्हणजे हसतमुख, सगळ्यांचं करणारी. मीसुद्धा लहानपणापासून तिला तशीच धरून चाललोय.

रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. ताई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मटार सोलत होती. भावोजींनी चष्मा चढवला आणि प्रश्न वाचायला सुरुवात केली.

"कशातच मन लागत नाही, असं किती दिवस झालं?"

"रोज," ताई म्हणाली. मान खालीच.

"अगं, नीट सांग. परीक्षा तुझी नाही, या काट्याची आहे."

"नीटच सांगतेय."

झोप? तीनला जाग येते, रोज. भूक? तुमच्याबरोबर बसते म्हणून जेवते. आपण कुणाच्या उपयोगाचे नाही, असं? इथे तिने हातातले दाणे ताटात टाकले. मग म्हणाली, "बऱ्याचदा."

आकडा आला एकोणीस. खाली लिहिलं होतं, हे अॅप म्हणजे डॉक्टर नव्हे, कृपया डॉक्टरांना लवकर भेटा.

"बघितलंस?" भावोजी मला म्हणाले. "एकोणीस म्हणे! आता खाली कुठल्यातरी दवाखान्याची जाहिरात असणार." त्यांनी शेवटपर्यंत शोधलं. जाहिरात नव्हती. "काटाच खोटा आहे," ते म्हणाले, पण सवयीने त्यांनी प्रश्न पुन्हा पहिल्यापासून काढले. ताईने तीच उत्तरं दिली, त्याच आवाजात. पुन्हा एकोणीस.

तिसऱ्यांदा त्यांनी फोन उचलला. पहिला प्रश्न वाचायला तोंड उघडलं, आणि वाचवेना. माझा चहा गार झाला होता. मला शरम वाटत होती. माझी सख्खी बहीण, आणि मी दर रविवारी इथे येऊन पोटभर गप्पा मारून जात होतो.

भावोजींनी फोन उपडा ठेवला. "कधीपासून?"

"पोरगी गेली तेव्हापासून." ताईने शेंग मोडली. "मग तुमचं ते धडधडणं सुरू झालं. घरात कुणीतरी ठीक असायला हवं होतं ना."

भावोजी टेबलावरच्या शेंगा स्वतःकडे ओढून सोलत बसले. त्यांना सोलता येत नाहीत, निम्मे दाणे खाली सांडत होते. ताई एरवी ओरडली असती.

सोमवारी दुकानाला कुलूप लावून ते तिला दवाखान्यात घेऊन गेले. सोबत मी होतो. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "काय होतंय?"

ताई छान हसली. तेच आमच्या ओळखीचं हसू. "काही नाही हो, मी बरी आहे. यांनाच उगीच काळजी."

डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला सारला. भावोजींनी तो हाताने थोपवला.

"पुन्हा विचारा," ते म्हणाले. "तीनदा विचारावं लागतं."