काढून टाकलेले हात

देवराम गुरुजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांचा हात पुसून टाकत होते. वाक्य चमत्कारिक वाटेल, म्हणून आधी त्याचा खुलासा करते. तलासरी तालुक्यात, वेवजीच्या अलीकडच्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिथे गुरुजी पहिली ते चौथीच्या मुलांकडून ॲनिमेशनचे छोटे चित्रपट करवून घेत आणि मी डहाणूला माझ्या घरी बसून त्यांची जुळणी करून देत असे. मातीचा किंवा बियांचा एखादा प्राणी केसभर सरकवायचा, फोटो काढायचा, पुन्हा केसभर सरकवायचा. असे ढीगभर फोटो एकामागोमाग भरभर दाखवले की प्राणी चालू लागतो. सरकवणारा हात वेळेत मागे गेला नाही, तर तो फोटोत येतो. असे फोटो शोधून काढून टाकणे हे माझे काम. शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका मंगलाबाई फोनवर सांगत होत्या… तापाचे निमित्त झाले, आदल्या दिवशी वापीला नेले, पहाटे गेले… मी फोन ठेवला. समोर पडद्यावर त्यांचे मनगट होते, काळा दोरा बांधलेले. मी ते काढून टाकले. मग पुढचे काढले, त्याच्या पुढचेही. हाती असलेले काम शिस्तीत संपवले, लॅपटॉप मिटला, आणि मग मला रडू आले.

पंधरवड्यानंतर मी कासा येथे त्यांच्या घरी गेले. मी मुळात संकोची. चार माणसांत सांत्वनाचे दोन शब्द बोलणेही मला अवघड जाते. गुरुजींच्या पत्नी सुनंदाताईंनी चहा पुढे ठेवला आणि मला काही बोलावेच लागू दिले नाही. त्यांनीच विषय काढला. तन्वी, त्यांची मुलगी, अजून अंगणवाडीत जाते. मोठी झाल्यावर तिला वडील आठवणार नाहीत, ही एकच भीती त्यांच्या मनात घर करून होती. त्या म्हणाल्या, “लग्नातले फोटो आहेत, पण त्यांत ते नुसते उभे आहेत. यांच्या मोबाइलमध्ये बघावं तर सगळ्या शाळेची पोरं, हेच तेवढे नाय. तुमच्याकडं असंल ना बाई एखादा, चालताबोलता? थोडकाच असला तरी चालंल.”

मी “बघते” म्हणाले. त्यांच्या घरातून बाहेर पडेपर्यंत मला कळून चुकले होते की तसा फोटो माझ्याकडे नाही, आणि का नाही.

या गोष्टीचा आरंभ २०१५ सालचा. डहाणू–झाई रस्त्यावर आमची चिकूची वाडी आहे. मराठी घेऊन एम. ए. झाले, आणि त्यानंतरची सगळी वर्षे संसारात व वाडीच्या व्यवहारात गेली. पन्नाशी उलटल्यावर मुलाने लॅपटॉप आणून दिला आणि त्याच्यावर चित्रफिती कापण्याजोडण्याचा मला अनपेक्षित नाद लागला. वाडीतल्या मजुरांच्या मुलांसाठी जुनी पुस्तके द्यायला मी त्या शाळेत गेले होते. गुरुजींनी पुस्तके घेतली, बोलता बोलता लॅपटॉपचे ऐकले आणि पुढच्या आठवड्यापासून येण्याविषयी असे काही गृहीत धरले की नकार द्यायला मला फटच उरली नाही. शाळेला देणगीत मिळालेला एकच टॅब होता. इतर ठिकाणी अशा टॅबवर मुलांना कविता दाखवतात. गुरुजींचे म्हणणे, बघायला घरोघरी टीव्ही आहे. शाळेत करायला शिकायचे.

त्यांची रीत त्यांनीच बसवलेली होती. दोन बाकांवर जुन्या खिडकीची चौकट आडवी टाकायची, तिच्यावर टॅब भिंग खाली करून ठेवायचा आणि खाली जमिनीवर, शेणाने सारवलेल्या फळीवर, मुलांनी आपले जग मांडायचे. शेतातली माती, चिकूच्या बिया, सागाच्या पानाच्या शिरा, कोंबडीची पिसे. उजेड दारातून येणारा, तेवढाच. एक मूल बटणाशी, बाकीची फळीभोवती उकिडवी. सरकवून झाले की गुरुजी “हात” म्हणत आणि सगळी बोटे एकदम मागे जात. दरवाजाशी टाचांवर बसून, आवाज न चढवता, ते दिवसभर हे करू शकत.

पहिल्या दिवशी त्यांनी मलाही फळीशी बसवले. चिकूच्या बियांचा एक खेकडा माझ्याकडे सोपवला होता. मी मन लावून त्याला पुढे पुढे नेत होते. सुरेखा नावाची तिसरीतली मुलगी बराच वेळ शेजारून पाहत होती. शेवटी तिला राहवेना. “बाई, तुमचा खेकडा सरळ चालतं. त्याला शालंत घातलाय कं?” शाळेत घातलेला खेकडा ऐकून सगळी पोरे लोळून हसली. मी कानकोंडी झाले. गुरुजींनी हसू आवरून सुरेखाला सांगितले की बाईंना खेकडा ताटातलाच ठाऊक, तिने त्यांना नदीवरचा शिकवावा. त्यानंतर ती मुले मला बिचकेनाशी झाली, आणि मीही त्यांना.

हात काढून टाकण्याचा दंडक गुरुजींचाच. दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी मी त्यांना विचारले होते की एकदोन ठिकाणी हात दिसला तर काय बिघडते? ते म्हणाले, “पोरांचा दिसला तर दिसू द्या. माझा नको. माझं बोट दिसलं ना, की केंद्रावरचे साहेब म्हणतील, गुरुजीनंच केलंय, या पोरांना कुठं जमतंय.” हे त्यांना पूर्वी कधीतरी ऐकावे लागले असावे. मी पुन्हा विचारले नाही. सांगितलेले काम चोख करणे एवढेच मला आयुष्यभर जमत आले आहे. त्यांचे मनगट, कोपर, खाली वाकताना पुढे आलेली केसांची बट, सगळे मी काढले. ध्वनिमुद्रणात मुलांच्या संवादांमागे त्यांचा “हं, पुढं” असा हलका स्वर येई, तोही कापला. टॅबची जागा भरली की मूळ फोटो पुसून पुढच्या चित्रपटासाठी तो रिकामा करायचा, हाही आमचा नियम. शाळेच्या कार्यक्रमात फोटो काढणारे तेच असत, त्यामुळे तिथेही ते नसत. चार वर्षे मी एका माणसाला इतक्या काळजीने पुसत होते आणि पुसण्यातल्या सफाईचा मला अभिमान होता.

एकदाच माझा हात अडखळला. भिंगावर धूळ बसली आहे का, हे पाहण्यासाठी गुरुजींनी फळीवर वाकून वर पाहिले आणि बटणाशी बसलेल्या मुलाने त्याच क्षणी बटण दाबले. चौकटभर त्यांचा चेहरा आला. उलटा, तोंड उघडे, हसण्याच्या बेतात. तो फोटो मी वेगळा ठेवला. दोन दिवस लॅपटॉप उघडला की तो आधी पाहत असे. मग एकाएकी मनात आले, घरातल्या कुणी हा पाहिला तर काय म्हणतील, परक्या माणसाचा फोटो असा जपून का ठेवला आहे… आणि तो काढून टाकला. कुणी काही म्हणाले नव्हते. कुणी काही म्हणणारही नव्हते. माझ्या भिडस्तपणाला मी आजवर स्वभाव म्हणत आले. तन्वीच्या वाट्याचा तेवढा एक चेहरा त्यानेच गिळला.

कासाहून परतल्यावर मी सगळे चित्रपट पुन्हा पाहिले, एकेक चौकट थांबवून. फक्त “खेकड्याचं लग्न” या चित्रपटात एक खोट सापडली. नवरा खेकडा नदी ओलांडतो तिथे पाण्यावरून एक सावली सरकत जाते. दाराच्या उजेडात कुणीतरी उभे राहिले होते. तेवढे फोटो काढले असते तर खेकडा नदीच्या मधोमध तुटला असता, म्हणून मी नाइलाजाने ठेवले होते आणि त्यांची मला सदैव लाज वाटे. आता त्या सावलीत मला गुरुजी दिसले आणि माझा जीव भांड्यात पडला. नातवाचा जुना टॅब घेतला, त्यावर तो चित्रपट चढवला आणि पुन्हा कासा गाठले.

सुनंदाताईंनी तन्वीला मांडीवर घेतले. मी सावली आली की थांबवत होते. त्यांनी एकदा पाहिले, पुन्हा लावायला सांगितले. मग अगदी हळू, मला लागू नये अशा बेताने म्हणाल्या, “बाई, ही सावली तुमची आहे. अंबाडा बघा ना.”

अंबाडा होता. खांद्यावरून आलेला पदरही होता. इतक्यांदा पाहूनही मी स्वतःला ओळखले नव्हते. गुरुजींना पाहायचे ठरवूनच बसले होते. मी क्षमा मागितली की काय केले, आठवत नाही. टॅब घेण्यासाठी हात पुढे केला, तर त्यांनी तो सोडला नाही.

“थांबा. मान बघा तुमची. कुणाचं तरी ऐकताय तुम्ही.”

सावलीची मान डावीकडे वळलेली होती. क्षणभर तशीच राहून ती हलते, होकार दिल्यासारखी, आणि मग सावली बाजूला होते. गुरुजींनी मला उजेडातून सरकायला सांगितले असणार. काय शब्दांत, ते मला आठवत नाही. फोटोंना आवाज नसतो, आणि जिथे त्यांचा आवाज होता तिथून तो मीच कापला आहे.

“मग बाबा कुठं?” तन्वीने विचारले. सुनंदाताईंनी तिचे बोट धरून काचेवरून डावीकडे नेले, पार चित्र संपून टॅबची काळी पट्टी लागते तिथपर्यंत.

“हितं बसलेत. बाईंना सांगतायत.”

टॅब मी तिथेच ठेवून आले. परवा सुनंदाताईंचा फोन होता. तन्वी रोज तो चित्रपट लावायला सांगते. खेकड्याच्या लग्नाकडे तिचे लक्ष नसते. नदी आली की ती त्या काळ्या पट्टीवर बोट ठेवते आणि सावलीने मान हलवेपर्यंत उचलत नाही.