सासऱ्यांची गाणी कॉम्प्युटरात गेली ती गेलीच

आणि वर कुडाळच्या संस्थेतले सर मलाच सांगतात, बाई, आरडाओरडा करू नका! पिंगुळीकरांनो, मी का ओरडले ते एसटी थांब्यावरच्या या फळ्यावर वाचा. सर रोज इथूनच गाडी पकडतात, त्यांनीही वाचा.

माझे सासरे चित्रकथीची चित्रं दाखवत गायचे. ती गाणी त्यांनी लिहून ठेवलेली. ते वारल्यावर संस्थेतल्या या सरांनी ती कॉम्प्युटरात घातली. म्हणाले, "आता कायमची राहिली." जीर्ण कागद आमच्यात घरात ठेवत नाहीत, म्हणून आम्ही ते रीतीप्रमाणे नदीत सोडले.

आज संस्थेत गेले तर मशीन नुसतं कट-कट करत होतं. गाणी दिसेनात. दुरुस्तीला आलेला कोल्हापूरचा मेकॅनिक म्हणाला, "आतली डिस्क घासतेय. चालू करू नका, आहे तेही जाईल." तो चहाला गेला आणि सरांनी परत बटण दाबलं!

"सर, हात काढा थंयसून!"

"बाई, नुसतं बघतोय."

"आजारी माणसाक उठवन नाचवतास आणि म्हणतास बघतंय?"

माझ्या घोवाला अर्धीच गाणी येतात. नवरात्रात देवीसमोर तो काय गाणार?

मेकॅनिकने विचारलं, फ्लॉपीवर दुसरी प्रत काढलेली का? त्यावर सर मलाच म्हणाले, "बाई, आरडाओरडा करू नका!"

सर, शुक्रवारपर्यंत याच फळ्यावर लिहा. प्रत आहे की नाही?