सूर्यभान दाजींच्या पोटातलं गुऱ्हाळ

माझे दाजी सूर्यभान म्हणजे कर्जत तालुक्यातल्या आमच्या भीमाकाठच्या गुऱ्हाळांवरचे नावाजलेले गुळवे. काहिलीत उसाचा रस रटरटत असायचा आणि दाजी पोट पुढे काढून शेजारी उभे, लग्नात वरबाप उभा राहतो तसे. गार पाण्यात पाकाचा थेंब टाकायचा, बोटांनी त्याची गोळी वळायची आणि जिभेवर ठेवायची. दाजींनी डोळे मिटले की काहील उतरायची.

एकाहत्तर सालच्या थंडीत त्यांना सारखी तहान लागायला लागली. कर्जतच्या डॉक्टरांनी निळ्या औषधात लघवी घालून नळी तापवली, तर निळ्याचं विटकरी झालं. साखर आहे, गोड बंद, म्हणाले. त्याच संध्याकाळी दाजींनी काहिलीखालच्या पेटत्या चुलवणावर हात धरला.

"ह्या इस्तवाची आन, आजपास्नं गुळाला जीभ लावनार न्हाई."

आणि खरंच लावली नाही. गोळी काहिलीच्या काठावर आपटून नुसत्या आवाजावरून ते पाक ओळखायला लागले. मी तर थक्क झालो होतो.

पण पुढच्या तपासणीत नळी पुन्हा विटकरी. माझी थोरली बहीण चांगुणाआक्का ही दाजींची बायको, आणि तिच्यापुढे थापा चालत नाहीत. रोज ती दाजींना दारातच अडवायची. "आ करा." दाजी मुकाट्याने आ करायचे, ती वास घ्यायची. आता गुऱ्हाळावरच्या माणसाच्या मिशीलासुद्धा गुळाचाच वास येणार की!

"इस्तवाची आन खोटी घेतली तुमी. गुऱ्हाळ सोडा, न्हाईतर मी भावाकडं चालले."

भाऊ म्हणजे मी. माझीच पंचाईत. दाजींना दुसरं कुठलं काम येत नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "काम सोडीन. पर खोटा म्हनून न्हाई सोडनार."

शेवटी मी दोघांना एसटीत घालून नगरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि विचारलं, "दारू किती घेता?"

आक्का उसळली. "दारूला कदी शिवलं न्हाईत ह्ये! तुमी गुळाचं इचारा."

"यकृताचे आकडे वाढलेत, म्हणून विचारलं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी दाजींना तिथेच ठेवून घेतलं. झोपायच्या वेळी एकदा रक्त घेतलं, सकाळपर्यंत पाण्याशिवाय काही नको म्हणून बजावलं. आक्काने खाटेला लागूनच वाकळ अंथरली. पाण्याचा तांब्यासुद्धा हुंगून दिला.

सकाळी रक्त घेतलं, तर साखर रात्रीपेक्षा जास्त!

"कशी वाढंल?" आक्का म्हणाली. "म्या हितंच हुते. माशीबी गेली न्हाई तोंडात."

डॉक्टर स्टुलावर बसले. "मावशी, साखर नुसती खाण्यातनं येत नाही. यकृत स्वतः साखर बनवतं आणि आपण उपाशी झोपलो की थोडी थोडी रक्तात सोडतं. त्याच्यावर रात्र निघते. यांच्या यकृतात चरबी साठली असावी. ते दुखावलं की त्याच्यातली द्रव्यं रक्तात उतरतात, तेच आकडे वाढलेत. आणि शरीराने पुरे म्हटलं तरी ते साखर करायचं थांबत नाही."

माझ्या अंगावर काटा आला. मी झोपतो, आक्का झोपते, सगळा गाव झोपतो, आणि प्रत्येकाच्या बरगडीखाली न सांगता, न विचारता एक गुऱ्हाळ चालू असतं! माझा हात आपसूक पोटावर गेला. केवढं हे देणं, आणि आपल्याला पत्ताच नाही.

दाजींनी हळूच विचारलं, "मग तिथं गुळव्या न्हाई का, बास म्हनायला?"

"आहे," डॉक्टर हसले, "पण त्याचं कोणी ऐकत नाही."

दाजींनी आक्काकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

गोळ्या घेतल्या, तेलतूप कमी करायचं, रोज चालून पोट उतरवायचं असं सगळं ऐकून घेतलं आणि गावी आलो. घराशी पोचल्यावर दाजी सवयीने उंबऱ्याशी थांबले आणि त्यांनी आ केला. आक्काच्या डोळ्यांत पाणीच आलं. हनुवटीखाली हात देऊन तिने त्यांचं तोंड मिटवलं. मग उजव्या बरगडीखाली तळवा ठेवला आणि चुलवणाची धग बघावी तशी बराच वेळ उभी राहिली.

"आतली ही धग इझत न्हाई व्हय कदीच?" ती पुटपुटली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "जावा गुऱ्हाळावर. तुमचं खरं हुतं."