कट्यारीच्या टोकावरचं लिंबू

कुंडलिकला एक स्वप्न वरचेवर पडायचं. धुकं असायचं, जुन्नरच्या डोंगरावरून पहाटे खाली सरकतं तसलं, आणि त्या धुक्यातून एक पिवळंधमक लिंबू तरंगत पुढं पुढं जायचं. कुठूनशी सनई ऐकू यायची. नवरदेव दिसायचा नाही, घोडाही नाही, नुसतं लिंबू. कुंडलिक त्याच्यामागं पळायचा आणि हात पोचणार एवढ्यात जाग यायची.

"घावलं का आज?" बायको अंजना चुलीपाशी बसूनच विचारायची.

"न्हाई."

"मग चा घ्या."

आता हसू नका. लिंबाची स्वप्नं माणसाला उगाच पडत नाहीत.

वारूळवाडीत कुंडलिकच्या घरी पिढ्यान् पिढ्या एक कट्यार होती. गावात लग्न निघालं की नवरदेवाच्या हातात तीच, आणि दृष्ट लागू नये म्हणून तिच्या टोकाला लिंबू. लग्न बागायतदाराचं असो की रोजानं जाणाऱ्याचं, कट्यार एकच. नेणारा हक्कानं न्यायचा आणि परत करताना नारळ नि खण आणायचा, घरच्या बाईची ओटी भरायला. इतकी लिंबं पिऊन तिचं टोक पार खाल्लं गेलं होतं, उंदरानं कुरतडलेल्या भाकरीच्या काठासारखं. आंबट लोखंडाला खातं हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण मांडवात कोण एवढा विचार करतो? उलट म्हातारे त्या टोकावर बोट ठेवून सांगायचे, "ह्यो खड्डा माझ्या लग्नाचा."

कुंडलिक लहान असताना ती कट्यार पेठला, पाहुण्यांच्या लग्नाला गेली आणि मांडवातून नाहीशी झाली. कुणी उचलली, देव जाणे. गाव चार दिवस बोललं आणि विसरलं. कुंडलिकचे वडील मात्र विसरले नाहीत. गावाचं लेणं आपल्या हातून गेलं म्हणत कुढत राहिले आणि तसेच गेले. पुढं कुंडलिक बोहल्यावर उभा राहिला तो ऊसतोडीचा कोयता घेऊन. त्याच्या वाकड्या टोकावर लिंबू कसं टिकणार, राव? ऐन मंगलाष्टकात ते सुटलं आणि भटजींच्या पायाशी गडगडत गेलं. अंजनानं ही गोष्ट पुढं जन्मभर पुरवली. भांडण कशाचंही असो, शेवटी कोयता निघायचाच.

कुंडलिक नारायणगाव ते जुन्नर जीप चालवायचा. नव्वदच्या पुढं जुन्नरला एक नवी जात यायला लागली, जुनी हत्यारं जमवणाऱ्यांची. पुण्याचे, मुंबईचे, कुणी गुजरातेतून. गळ्यात कॅमेरा, हातात भिंग. बाकीचे ड्रायव्हर त्यांना टाळायचे, कारण ते एकेका पडक्या कमानीपाशी तासभर उभे राहतात. कुंडलिक त्यांना पुढच्या सीटवर बसवायचा. न जाणो, कुणाच्या तरी पेटीत ती असेल! म्हणून तो त्यांच्या मागं मागं हिंडायचा, आणि हिंडता हिंडता त्याचंही ज्ञान वाढलं.

मग गाडी सुटली की सल्लेही सुटायचे. "पावणं, दुकानदार म्हनला ही महाराजांच्या वेळची, तर हसायचं आन चा प्यायचा. इकत घ्यायची न्हाई. कागद नसंल ती वस्तू उचलू नका. आन शंभर वर्षांपुढची देशाभाईर न्यायला बंदी हाय, इमानतळावर रडत बसाल." घाट चढताना त्याचा आवाज संथ व्हायचा. "कुनाच्या घरी गेला तर हत्याराचं नाव काढू नका. आदी पिठलंभाकर खा, पावसापान्याचं बोला. ते आपसूक काडत्यात. आन इच्यारायचं ते घरातल्या बाईला. तिनंच त्याला हळदकुंकू वाहिल्यालं असतंय, बाप्याला काय ठावं? खंडेनवमीला तर जाऊच नका. त्या दिवशी हत्यार देव असतंय, देवाचा भाव करत्यात व्हय?" आणि सगळ्यात शेवटी, बोट उगारून, "जुन्या लोखंडाला आंबट लावू नका. चिंच न्हाई, लिंबू न्हाई. त्याल लावा."

लोक हे मन लावून ऐकायचे. त्यांच्या पेट्याही उघडायच्या. पट्टे, खंजीर, गुप्त्या, सगळं निघायचं. ती नाही निघायची.

वर्षं अशीच गेली. दोन हजार एक साली पोराचं, सूरजचं लग्न ठरलं. सुपारी फुटल्या दिवशी अंजना कोयत्यावरून हसत होती. मग म्हणाली, "आवो, माजी चेष्टा ऱ्हाऊ द्या. पर पोराच्या हातात कोयता नगं." कुंडलिकनं बोटांवर महिने मोजले; लग्न चैत्रातलं. आता शोधायला माघ-फाल्गुन एवढेच उरले होते.

त्याच माघात बडोद्याचे एक म्हातारे पाहुणे आले. नोकरीतून निवृत्त, एकटे, बोलायला मऊ. दिवसभर जुन्नर पाहून झालं. परतताना द्राक्षबागांवर ऊन पिवळं पडलं होतं, डोळे जड व्हावेत असं. पाहुण्यांनी पिशवीतून मलमलीचं गाठोडं काढून मांडीवर सोडलं. "नाशकात घेतली, पावतीनिशी. विकणारा म्हणाला, माल या भागातला. टोक कशानं खाल्लंय तेवढं कळत नाही. उद्या पुण्याला घासून नवं टोक काढून घेतो."

कुंडलिकनं जीप बाजूला घेतली. मुठीच्या आडव्या दांडीवर पितळी तारेचे वेढे होते, आज्यानं स्वतः गुंडाळलेले. त्यानं टोकावर अंगठा ठेवला. सनई वाजते आहे असं त्याला वाटलं, आणि भर रस्त्यात, उसाच्या ट्रॅक्टरांच्या गर्दीत, तो लहान मुलासारखा रडला. रडत रडतच त्यानं सगळं सांगितलं.

पाहुण्यांनी कट्यार पुन्हा मलमलीत गुंडाळली. त्यांनी ती रीतसर घेतली होती, कुंडलिकला ते मान्य होतं. परत द्या म्हणायला त्याची जीभ रेटेना.

"लग्नापुरती द्या," तो शेवटी म्हणाला.

"देतो. मी स्वतः घेऊन येतो. पण लिंबू लावायचं नाही. तुम्हीच मघाशी बजावलंत, आंबट लावू नका."

आपलीच काठी आणि आपलंच टाळकं! कुंडलिकनं शब्द दिला.

चैत्रात लग्न. सूरज फेटा बांधून उभा, हातात कट्यार, टोक मोकळं. म्हातारी ठकूबाई, गावातली सगळ्यात थोरली, काठी टेकत पुढं आली. तिनं कट्यार डोळ्यांजवळ नेली, खाल्लेलं टोक चाचपलं आणि ओळखलं. "आली गं बया माजी!" म्हणाली, आणि लगेच आवाज चढवला. "आन लिंबू कुटंय? उघड्या टोकानं पोरगं हुबं करतायसा? लाज न्हाई वाटत?"

कुंडलिक मान खाली घालून उभा राहिला. बायका कुजबुजायला लागल्या. भटजींनी घड्याळ पाहिलं. अंजना लिंबू मुठीत दाबून नवऱ्याकडं बघत होती, पण शब्द म्हणजे शब्द. तो मान वर करीना.

पाहुणे खुर्चीवरून उठले. ठकूबाईपाशी गेले. "आजी, तुमचा खड्डा कुठला?"

"ह्यो," ती बोट ठेवून म्हणाली. "ह्यो माजा. शेजारचा माज्या दिराचा."

पाहुण्यांनी भिंग काढलं, पाहिलं, परत खिशात ठेवलं. मग त्यांनी अंजनापुढं हात केला. तिनं लिंबू दिलं. त्यांनी ते आपल्या हातानं टोकावर खोचलं, घट्ट, आणि रस मनगटावर ओघळला तो पुसलाही नाही. सनई सुरू झाली. सूरज पुढं चालायला लागला, त्याच्यापुढं ते पिवळंधमक लिंबू, आणि कुंडलिक या वेळी जागाच होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं कट्यार पुसून, तेल लावून, नारळ आणि खणासकट पाहुण्यांपुढं ठेवली. परत करायची रीत तीच, आता मालक बदलला एवढंच. पाहुण्यांनी खण हातात घेतला. "माझ्याकडं ओटी भरायला कुणी नाही हो," ते म्हणाले. मग अंजनाला विचारलं, "गावात यानंतर लग्न कुणाचं?"

"भिकाभावजींच्या थोरल्याचं. वैशाखात."

"मग राहू दे इथंच. ते झालं की येऊन नेतो."

वैशाखात ते आले. तेव्हा पुढचं लग्न दिवाळीनंतर होतं. दिवाळीनंतर आले, तेव्हा माघात एक ठरलं होतं. असं चाललंच. दर वेळी पिठलंभाकरी खाऊन झाली की ते कट्यार मांडीवर घेतात, टोकावर अंगठा फिरवतात आणि विचारतात, "आता कुणाचं?" अंजना नाव सांगते.

कुंडलिकला ते स्वप्न आता पडत नाही. जीपमध्ये नवे हौशी बसले की तो जुने सगळे सल्ले देतो, आणि शेवटी एक नवा. "आन पावणं, गावात लगीन निघालं असंल तर पेटी घिऊन जाऊ नका. मोकळ्या हातानं परत यावं लागतंय."