साळ्याची तुरटी

अमरावतीपासून अकोल्यापर्यंत जेवढ्या बगला आहेत, तेवढ्या सगळ्यांची काळजी आमच्या साळ्याने एकट्याने वाहिली. कोणी त्याला बोलावलं नाही, कोणी त्याचे आभार मानले नाहीत, तरी वाहिली. बगलेत डिओ मारला की कॅन्सर होतो, असं कोणीतरी त्याच्या मोबाइलवर धाडलं आणि त्या दिवसापासून हा माणूस कामाला लागला. मी चौथी शिकलेला, गोड लिहिणं मला जमत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो की मला त्याचा राग आहे आणि तो अजून गेलेला नाही. मग त्याच्यावर लिहायचं काहून, असं कोणी विचारील. तर माझी बायको गेली, आणि तिच्यासारखं नाक असलेला तेवढाच एक माणूस आता जगात उरला आहे.

त्याचं म्हणणं साधं होतं. "घाम म्हंजे आंगाची नाली हाये जवाईबुवा. नाली बुजवली का घाण घरात घुसते." शेजाऱ्याशी नालीवरून जन्मभर भांडलेला माणूस, त्यामुळे हा विषय त्याला खोलवर कळायचा. एस्टीत बाजूला कॉलेजचा पोरगा बसला आणि त्याच्या शर्टाला डिओचा वास आला की हा नाक वर करून हवा हुंगायचा आणि विचारायचा, "काहून बापू, मायबाप हायेत न घरी?" पोरगा हो म्हणायचा. "मंग त्याईचा तरी इचार कर." बडनेऱ्याला सुरू झालेलं हे व्याख्यान मूर्तिजापूरपर्यंत चालायचं आणि पोरगा तिथेच उतरून जायचा, त्याचं तिकीट अकोल्याचं असलं तरी. चांदूर रेल्वेच्या एका लग्नात तर याने जानोशात, वरपक्षाच्या उताऱ्यावर, शिरून नवरदेवाच्या हातातली डिओची बाटली काढून घेतली आणि त्या हातावर तुरटीचा खडा ठेवला. नवरदेवाच्या बापाने मोठ्याने विचारलं, "हा कोणाचा माणूस होय?" आम्ही सगळे छताकडे पाहत राहिलो. स्वतः त्याने जन्मात बगलेत तुरटीशिवाय काही लावलं नाही. मे महिन्यातल्या लग्नात आमचे लोक त्याला अशा जागी बसवत की कूलरची हवा त्याच्याकडे जाईल, त्याच्याकडून इकडे येणार नाही.

हसणं तिथपर्यंतच होतं. पुढचं सांगताना मला हसू येत नाही.

माझी बायको, सुमन, भातकुलीकडच्या आमच्या मळ्यातली शेवंती आणि झेंडू अमरावतीच्या बाजारात नेऊन विकायची. उन्हाळ्यात भरलेल्या ऑटोत लोकांमध्ये दाटून बसायचं म्हणून आमच्या पोरीने, वर्षाने, तिला डिओची बाटली आणून दिली. सुमनला ती फार आवडली. साळा चिडला. "फुलवालीले सेंट कायले लागते बाई?" म्हणाला. तो तिच्यापेक्षा लहान, तिनेच कडेवर वागवलेला. दर भाऊबीजेला तो लुगड्याच्या घडीत तुरटीचा मोठा खडा बांधून आणायचा. सुमन आंघोळ झाली की तुरटी लावायची आणि बाजारात निघताना डिओ मारायची. "त्याचंबी मन राह्यते, पोरीचंबी राह्यते," म्हणायची. सगळ्यांचं मन राखता राखता तिच्या छातीत गाठ झाली.

दवाखान्यात छातीचा फोटो काढायचा ठरला तेव्हा तिथली नर्स म्हणाली, "उद्या येताना बगलेत डिओ, पावडर काही लावून येऊ नका." साळा तिथेच उभा होता. त्याने माझ्या दंडाला धरलं. "पाह्यलं जवाईबुवा? त्याईले सगळं माईत हाये. फक्त बोलत नाईत." मी तेव्हा लक्ष दिलं नाही. मला दुसरी कामं होती. सुमन गेली, आणि तिच्या तेरवीला, पंगत बसलेली असताना, भातकुलीपासून अकोटपर्यंतचे सगळे सोयरे ऐकत असताना हा बोलला, "त्या बाटलीनं खाल्लं माह्या बाईले." वर्षा वरणाची बादली घेऊन वाढत होती. तिने बादली जमिनीवर ठेवली आणि आत गेली.

त्यानंतर पोरीने अन्न सोडलं. सोडलं म्हणजे दोन घास खायची आणि ताट सरकवायची. गालफडं बसली. नवऱ्याशी बोलेना, कामावर जाईना. एक दिवस मला विचारलं, "बाबा, म्याच आणून देल्ती न ती बाटली?" मी नाही म्हणालो, पण माझं नाही कोण ऐकतो. चौथी शिकलेल्या माणसाचं नाही.

म्हणून मी सुमनला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं. "बाबा, पुष्कळ लोकांनी पुष्कळ शोधलं. डिओमुळे कॅन्सर होतो असं अजून कोणाला दाखवता आलेलं नाही. फोटोच्या दिवशी नको म्हणतो, कारण घाम थांबवणाऱ्या बाटलीत ॲल्युमिनियम असतं. त्याचे फोटोत पांढरे ठिपके येतात आणि आमची फसगत होते. तुरटी लावू नका, हेही सांगायला हवं होतं. तिच्यातही तेच असतं." मी म्हणालो, "ॲल्युमिनियम म्हंजे जर्मन? ज्या जर्मनच्या गंजात आमी भात शिजोतो ते?" त्या हो म्हणाल्या. "मंग तिले झाला काहून?" त्या म्हणाल्या, "माहीत नाही."

मी घरी गेलो नाही. सरळ साळ्याकडे जायला अकोल्याची गाडी धरली. सगळ्या वाटेने मी तुरटीबद्दलचं ते एक वाक्य दातांत धरून बसलो होतो. साळा ओसरीवर आरसा टेकवून दाढी करत होता, गालावर तुरटी फिरवत होता. "या जवाईबुवा," म्हणाला. मी बसलो नाही. म्हणालो, "तुह्या हातात हाये न, त्याच्यातबी जर्मनच हाये. बाटलीत हाये तेच. डॉक्टरीण बोल्ली. आता सांग, दरसाल भाऊबीजेले माह्या बायकोले तुरटी कोणं आणून देल्ली?"

त्याचा हात गालावरच राहिला. मग म्हणाला, "म्हंजे म्याच...?"

वर्षाचाच प्रश्न, तिचाच आवाज, आणि नाक सुमनचं. हाच चेहरा पाहायला मी इतक्या लांब आलो होतो, आणि पाहिला तर पाहवेना. मी खाली बसलो. "नाई रे. तू नाई आन् पोरगीबी नाई. कोणीच नाई. डॉक्टरीण एवढी शिकलेली, ते 'माईत नाई' म्हणते. तुले तेवढंबी म्हणता येत नाई?"

"कोणंतरी पायजे न जवाईबुवा," तो म्हणाला. "बाई अशीच कशी जाईन?"

मी त्याला अर्ध्या दाढीनिशी उठवलं आणि एस्टीत बसवलं. तो मूर्तिजापूर गेलं तरी बोलला नाही. पोरीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "वर्षे, तुहा मामा येडा हाये. तेरवीले बोल्लो ते खोटं होतं. ज्याईच्यासमोर बोल्लो, त्याईच्या घरोघर जाऊन सांगतो." वर्षा त्याच्या अर्ध्या दाढीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मामा, जेवून घ्या." तिने त्याचं ताट वाढलं. थोड्या वेळाने स्वतःचंही घेतलं.

शब्दाला तो जागला, पण त्याच्या पद्धतीने. सोयऱ्यांच्या घरी तर गेलाच, आता एस्टीतही बाजूच्या पोराला सांगतो, "लाव बापू, बिनधास्त लाव, काई होत नाई." पोरं अजूनही मूर्तिजापूरलाच उतरतात.

सुमन गेल्यावरच्या पहिल्या भाऊबीजेला तो आला. कोणी बोलावलं नव्हतं. वर्षासाठी लुगडं आणलं होतं. घडी उघडली तर आत तुरटीचा खडा. सवयीने बांधून आणला होता. त्याने तो उचलून हातात घेतला. "आता हे कोणाले देऊ?" म्हणाला. मी हात पुढे केला.

दाढी झाली की मी रोज तो खडा गालाला लावतो. फार चरचरतो. मग मी अकोल्याकडे तोंड करून त्याला एक शिवी देतो. खडा आता सुपारीएवढा राहिला आहे. संपायला आला.