देवरावच्या गाडीचा पिवळा

वणीत चंद्रपूर रस्त्याला कोळशाचे ट्रक रांगेनं उभे असतात. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी त्यातल्या निम्म्यांच्या पाठीवर उकंडा नगराळेच्या हातचं अक्षर असायचं. मग स्टिकर आले, अक्षरं कापणारी मशीन आली आणि पेंटर लोक बसले घरी. उकंडाही बसला. पण घरी बसला म्हणून गप्प बसला असं नाही. कुठल्या ट्रकवर मशीनचं अक्षर दिसलं की हा माणूस भर रस्त्यात थांबून त्याला शिव्या घालणार, आणि तेही ट्रकवाल्याच्या तोंडावर.

रंग डोळ्यानं कालवायचा, कागदावरून नाही, असं त्याचं म्हणणं. शेड कार्ड त्यानं जन्मात हाती धरलं नाही, की कुठल्या रंगात काय किती घातलं हे लिहून ठेवलं नाही. थेंबभर रंग अंगठ्याच्या नखावर घ्यायचा, उन्हात धरायचा, झालं काम. दुसरं म्हणजे, जुन्या रंगावर नवा हात मारणारा त्याच्या लेखी पेंटरच नव्हे. आधी सगळं खरवडायचं, नुसतं लोखंड दिसलं पाहिजे. या दोन गोष्टींचा त्याला भलता ताठा होता, आणि या दोन गोष्टींनीच शेवटी त्याचा घात केला.

त्याच्या आधीची दोन लेकरं गेली, म्हणून आईनं याला उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि नाव ठेवलं उकंडा. आठ वर्षांनी धाकटा झाला, तोवर घरची भीती गेली होती. त्याला सरळ देवराव असं नाव मिळालं. देवराव कोळशाचा ट्रक चालवायचा. अंगानं सडसडीत, आणि दोन चाकांवर बसला की त्याला रस्ता लागायचाच नाही, नाला-टेकाड काहीही चालायचं.

नागपूरला एका रद्दीवाल्याकडं दोघा भावांना मोटोक्रॉसच्या गाड्यांचं एक जुनं इंग्रजी मासिक सापडलं. इंग्रजी दोघांचंही यथातथाच, पण चित्रं वाचायला काय लागतं? रात्रंदिवस तेच. काय रूप होतं हो त्या गाड्यांचं! पुढं दिवा नाही, दिव्याच्या जागी नंबराची पाटी. पुढचा मडगार्ड चाकापासून वीतभर उंच. सायलेन्सर वर उचललेला, हँडल रुंद आणि मधून आडवी दांडी, शीट लांबलचक, पार टाकीवर चढत गेलेली. कुठं उगाच टोक नाही की चोच नाही. आजच्या गाड्या पाहिल्या की उकंडा म्हणतो, "हे गाडी हाय का भांडण हाय?" आणि खरंच, त्याला त्या नव्या गाड्यांकडं पाहवत नाही.

एक्याण्णव साली दोघांनी एक जुनी येझडी घेतली आणि अंगणात तिचं सोंग बदललं. मडगार्ड पाण्याच्या प्लास्टिकच्या ड्रमातून कापला, आगीवर शेकून वळवला. पाटीसाठी तेलाचा डबा उलगडला आणि उकंडानं तिच्यावर चौदा आकडा काढला, चौदा एप्रिलचा चौदा. टाकीला पिवळा दिला. तो पिवळा कालवायला त्याला तीन दिवस लागले. कोणी विचारलं कसला पिवळा, तर सांगायचा, पिकल्या टेंभराचा, म्हणजे तेंदूच्या फळाचा. कापूस वेचून पऱ्हाट्या उपटल्या की निर्गुडा नदीच्या काठच्या एका पडीक वावरात पोरांच्या शर्यती लागत. गाडी इंजिनात इतरांपेक्षा कमीच होती, पण धुळीतून ती पिवळी टाकी वर आली की लोक उभे राहत. आणि तिला पाहून उकंडाचा जीव सुपाएवढा होई.

शहाण्णव साली देवरावचा ट्रक घुग्घुसच्या रस्त्यावर उलटला. मागं राहिली बायको कोकिळा आणि दहा महिन्यांची पायल.

एकाच अंगणात दोन चुली. इकडं उकंडा आणि त्याची बायको कांताबाई, तिकडं कोकिळा आणि पोर. कोकिळा अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली, पोरीला शिकवलं. पण उकंडाशी ती कधी एक शब्द बोलली नाही. भांडण वगैरे काही नाही बरं. भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, भावजयीनं बोलायचं नाही, डोईवरचा पदर खाली येऊ द्यायचा नाही, अशी आमच्याकडं जुन्या लोकांची रीत. बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव सोडले, उपास सोडले, पण ही एक रीत काही घरातून गेली नाही. जे काय सांगायचं ते कांताबाईमार्फत. "त्यायले म्हणा, गॅस संपला." "तिले सांग, आणतो." पस्तीस वर्षं दोघांमध्ये कांताबाईचा टपाल धंदा चालू.

आणि कोकिळा नवऱ्याबद्दल पोरीशीही बोलायची नाही. विषय निघाला की उठून चुलीकडं जायची. पायलनं काही विचारलं की एकच उत्तर, "मोठेबाबाले विचार." त्यामुळं पायलचा बाप उकंडानं सांगितला. हसला की डोळे कसे बारीक व्हायचे, गल्लीच्या तोंडापासून शीटी वाजवत कसा यायचा, घाटावरून गाडी कशी उडवायचा. पोर ऐकत बसायची आणि उकंडा सांगत बसायचा. दोघांनाही त्यात कमी पडत नव्हतं.

पायल पांढरकवड्याला शाळेत शिक्षिका म्हणून लागली, मग नेरच्या मुलाशी लग्न ठरलं. लग्नाच्या दोन महिने आधी ती पेपरातलं एक कात्रण घेऊन मोठेबाबांपुढं बसली. देवरावचा गाडीवरचा तेवढाच एक फोटो होता, तोही काळा-पांढरा.

"मोठेबाबा, ह्या टाकीचा रंग कसा होता?"

"पिवळा. पिकल्या टेंभरावानी."

"मंग मले तशीच करून द्या. मांडवाच्या बाजूले ठेवू. बाबा नाई, तं त्यायची गाडी तरी राहीन."

उकंडाला कोणी असं काम दिल्याला दहा वर्षं झाली होती. त्यानं मागच्या छपरीतली ताडपत्री ओढली. इंजिन गच्च झालेलं, पण चालवायची कोणाला होती? रूप परत आलं की झालं. टाकीवरचा रंग उन्हानं पार पांढुरका पडला होता. मात्र शीट काढली तेव्हा तिच्याखाली, जिथं ऊन कधी पोचलंच नव्हतं, तिथं चार बोटं पट्टा जसाच्या तसा निघाला.

"तेवढा राहू द्या ना," कांताबाई म्हणाली. "पाहून पाहून कालवता येईन."

"तीस वर्साचा मेलेला रंग थो! त्याले पाहून कालवू? रंग मायाजवळ हाय, इथं," म्हणून त्यानं कपाळावर बोट आपटलं. आणि खरवडणी घेऊन तो पट्टाही लोखंडापर्यंत साफ केला. पेंटर ना! थोडा जरी जुना रंग ठेवला असता तर त्याला झोप आली नसती.

आता त्याच्या डोळ्यांचं सांगितलं पाहिजे. दोन्हीत मोतीबिंदू पिकत आला होता. समोरून ट्रक आला की त्याच्या दिव्यांभोवती कडी दिसायची. कांताबाई कधीची मागं लागली होती, शिबिरात जा म्हणून. पण डोळ्यात कोणी हत्यार घालणार म्हटलं की ट्रकवाल्यांना शिव्या घालणारा हा माणूस लेकरासारखा रडकुंडीला यायचा. "लग्न होऊ दे, मंग पाहू," म्हणून त्यानं टाळलं. आणि त्याच डोळ्यांनी आठ दिवस रंग कालवला. नखावर घेतला, उन्हात धरला, पुन्हा पांढरा घातला, पुन्हा धरला. नवव्या दिवशी टेंभराचा पिवळा सापडला तसा तो अंगणात मोठ्यानं ओरडला.

लग्न झालं. भंतेजींनी वंदना घेतली, मांडवाशेजारी चौदा नंबरची गाडी उभी होती आणि पायल नवऱ्याला हाताला धरून गाडीकडं घेऊन गेली. टाकीवर तिनं तळहात ठेवला. मग म्हणाली, "मले आता बाबा दिसले." उकंडाला वाटलं, आता मेलो तरी चालते. जाताना पोरीनं उरलेल्या रंगाची डबी मागून घेतली. नेरच्या घराच्या दाराला तोच रंग द्यायचा होता तिला.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठवड्यानं डोळ्यावरचा काळा चष्मा काढला, तांब्या घेऊन अंगणात आला, आणि गाडीकडं पाहून थांबला. टाकी फिकी होती. फिकी म्हणजे किती, तर वरणाच्या वरच्या पाण्यासारखी. त्याला वाटलं, कोणी काही टाकलं का हिच्यावर? त्यानं उजवा डोळा झाकला. टाकी टेंभराची झाली. डावा झाकला, पुन्हा वरणाचं पाणी. उजवा, डावा, उजवा, डावा.

"आता म्हातारपणी कोणाले डोळा मारून राह्यले?" कांताबाई दारातून हसली.

तो हसला नाही. तिथंच खाली बसला. सगळं त्याच्या ध्यानात आलं होतं. डोळ्यावरचा पडदाच पिवळट झाला होता, सगळं जगच आहे त्याहून पिवळं दिसत होतं, आणि तो बसला होता पांढरा घालत! ज्याच्या नखावर अख्खी वणी विश्वास ठेवायची, त्यानं पोरीला तिच्या बापाचा रंग चुकीचा दिला.

चुकला तर चुकला, परत करू, असं म्हणून त्यानं डबे काढले. जुन्या झाकणांवर बारा पिवळे कालवून उन्हात मांडले आणि एका डोळ्यानं पाहत बसला. हा असेल. नाही, हा असेल. बाजारातून टेंभरं आणली, तर दोन टेंभरांचा रंग एक नाही. शर्यती पाहिलेले दोघं-तिघं म्हातारे गाठले. एक म्हणे केशरी होती, एक म्हणे लिंबाची होती, तिसरा म्हणे लालच होती रे, पिवळी कुठली! कपाळात जो रंग होता म्हणून त्यानं बोट आपटलं होतं, तिथं आता सगळेच पिवळे बसत होते. आणि ज्यावरून ताळा पाहता आला असता तो चार बोटांचा पट्टा त्यानं स्वतःच्या हातानं खरवडला होता. तेव्हा कुठं तो घाबरला.

कोकिळा पलीकडं सूप घेऊन तांदूळ निवडत होती. उकंडानं नेहमीप्रमाणं बायकोला म्हटलं, "तिले विचार, तिले याद हाय का."

कांताबाईनं तोंड उघडायच्या आत कोकिळेनं सूप खाली ठेवलं. पदर नीट केला, आणि बोलली ती थेट उकंडाशी.

"मले नाई ठाव. मी गाडीकडं कधी पाह्यलंच नाई. घरी आले का मी पयले त्यायचे हात पाहो, मंग पाय. चालता येते का, वाकता येते का. थे पाहून झालं का चुलीकडं जाओ. गाडी हिरवी होती म्हणता तं हिरवी असन."

पस्तीस वर्षांत भावजयीचा आवाज त्यानं असा अंगावर कधी घेतला नव्हता. तेवढ्यात पायलचा फोन आला. उकंडाला कानाला लावून नीट ऐकू येत नाही, तो स्पीकरच लावतो.

"मोठेबाबा, दार रंगवून झालं! फोटो धाडला, पाह्यला का?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. पोर खूश होती, कोणाचं काही अडलं नव्हतं. पण पेंटर माणूस, चुकीच्या रंगाला बरोबर म्हणणं त्याच्या जिभेवर येईना.

"पोरी, थो रंग चुकला वं मायाकून. डोळ्यानं दगा देल्ला."

"मंग खरा कसा होता?"

"आता नाई आठवत."

मग पायल हळूच म्हणाली, "मोठेबाबा, मंग बाकीचं?"

"बाकीचं काय?"

"हसले का बाबाचे डोळे बारीक होत, म्हणता. शीटी वाजवत येत, म्हणता. थे तरी बराबर हाय ना?"

उकंडानं तोंड उघडलं, पण 'हो' काही बाहेर येईना. लग्नाआधी विचारलं असतं तर पटकन आलं असतं.

कोकिळा उठली, अंगण ओलांडून आली आणि तिनं त्याच्या हातातून फोन घेतला.

"पायल, मी बोलून राह्यली. मले विचार." "हसताना दोन डोळे नाई, एकच बारीक होये, डावा. उजव्या पोटरीवर सायलेन्सरचा चटका होता, थो मरेपर्यंत गेला नाई. जेवताना बोलत नसत. आन् शीटी त्यायले कधी वाजवताच नाई आली, बाई. शीटी तुये मोठेबाबा वाजवत येत, मागच्या शीटवर बसून."

उकंडा बारा झाकणांच्या मधोमध बसून ऐकत होता. आपण कधीकाळी शीटी वाजवायचो, हे काही केल्या त्याला आठवेना.